दक्षिणेकडे तोंड करून

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज डिलाईल रोडवर माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतंय, म्हणजे माझ्याकडे आता सबब उरली नाही. दहा दिवस उर्वीला "गणपती होऊ देत गं" सांगून टोलवत होतो. आज तिने फोनवर सरळच सांगितलं, "हितेंद्र, सतराला तांत्रिक तालीम आहे. सोळाच्या संध्याकाळपर्यंत तुझी फाईल आली नाही, तर मी कीबोर्डवरून गिटारचा आवाज काढून ती तीन मिनिटं भरून टाकीन. मला आवडणार नाही, पण टाकीन."

कीबोर्डवरून! दादाची धून! म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

नाटक प्रायोगिक आहे. ग्रुपकडे स्टुडिओबिडिओ काही नाही, संगीत उर्वी बघते, आणि ज्याने त्याने आपापला भाग घरून रेकॉर्ड करून द्यायचा. शेवटच्या प्रवेशात एक बाई नुसतं घर आवरते. कोणी बोलत नाही. तेवढा वेळ फक्त गिटार. एकदा दादरला तालमीआधी मी आपला सहज दादाची धून वाजवत बसलो होतो, उर्वीने ऐकली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ही धून दादाने, माझ्या थोरल्या भावाने बांधली, पण कुठेच रेकॉर्ड केलेली नाही. मोबाईलमध्येसुद्धा नाही. तो गेला, आणि आता ती फक्त माझ्या बोटांत आहे.

तर आज खिडकीशी टेबल मांडलं. उजेड चांगला येतो आणि खोलीकडे पाठ होते. दादाचीच गिटार. तिची वायर एका छोट्या डबीत, डबीतून लॅपटॉपात, आणि लॅपटॉपात खोटा अ‍ॅम्प. म्हणजे सॉफ्टवेअर, अ‍ॅम्प नि स्पीकर सगळे चित्रातले, पण आवाज खऱ्यासारखा. गंमत अशी की चाळीतलं काहीही यात शिरत नाही. शेजारच्या कालिंदीकाकूंचा कुकर, पोरांचं क्रिकेट, आईची मालिका, काही म्हणजे काही नाही. फक्त वायरमधून येईल तेवढंच. मी खूश. हेडफोन चढवला.

घूंऽऽऽऽ.

पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखं.

८ सप्टेंबर, सोमवार

उर्वी म्हणते, रोज काय बदललंस ते लिहून ठेव, नाहीतर तू गोल गोल फिरत बसशील. म्हणून ही वही.

चष्म्याच्या दुकानातून कामावरून आलो, चहा प्यायलो आणि बसलो. खोट्या अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज फुगवायचं बटण, कमी केला. घूं कमी झाली, पण गिटारही कमी झाली. दुसरा अ‍ॅम्प, तिसरा अ‍ॅम्प. सगळ्यांत घूं. मग लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि काय सांगू, त्या घूंच्या वर एक बारीक चीं होती ती एकदम गेली! इतका वेळ मला कळलंच नव्हतं की आवाज दोन आहेत. चीं चार्जरची. म्हणजे बॅटरीवर रेकॉर्ड करायचं. अर्धा चोर सापडला.

आई म्हणाली, "आजपासून पितृपंधरवडा. नवीन काही सुरू करत नाहीत."

"मी कालच सुरू केलंय."

"मग ठीक." थोड्या वेळाने म्हणाली, "लवूची तिथी दशमीला. मंगळवारी येते, सोळाला. रजा टाक, पाणी द्यायला तूच लागणार."

सोळाला! दादाची तिथी नि उर्वीची फाईल, सगळं एकाच दिवशी यायला हवं का? म्हटलं, अर्धा दिवस टाकतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

घूं.

१० सप्टेंबर, बुधवार

आज नॉईज गेट लावला. हा सॉफ्टवेअरमधला वॉचमन. आवाज एका पातळीच्या खाली गेला की दार बंद करतो, मग घूंपण बाहेर आणि सगळंच बाहेर. पहिल्यांदाच शांतता ऐकली. नाचायचाच बाकी होतो. तीन मिनिटं वाजवून उर्वीला पाठवून दिलं.

तिचं उत्तर: "स्वच्छ आहे. पण शेवटचा सूर कुठे गेला?"

पुन्हा ऐकलं. खरंच की. धून संपते तो सूर दादा सोडून द्यायचा. तार आपली वाजत राहायची, बारीक होत जायची, आणि दादा उजव्या हाताचं बोट वर करून बसायचा. सूर पूर्ण विझेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकदा आईने मधेच "चहा टाकू काय रे" विचारलं, तर पठ्ठ्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवली. त्या सुराची शेपटीच वॉचमनने दारात चेंगरली.

वॉचमनला जरा सैल सोडलं, तर सूर विझता विझता खालून घूं वर येते. म्हणजे दादाचा सूर घूंमध्ये बुडून मरणार, तेही भरल्या थिएटरात. नाही. वॉचमनला काढून टाकलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

उर्वीने तोडगा काढला. माटुंग्याला तिचा मित्र आहे सौमित्र, त्याच्याकडे दोन कॉइलच्या पिकअपवाली गिटार आहे. ती घूं करतच नाही. दादाच्या गिटारचं पिकअप, म्हणजे तारांखालची आवाज उचलणारी पट्टी, एका कॉइलचं, ते हवेतली सगळी वीज गोळा करतं म्हणे. दुकान सुटल्यावर माटुंग्याला गेलो, आणली, वाजवली. घूं नाही. आवाज गोल, जाड, शहाणा. पण दादाची गिटार जरा नाकात बोलते. ती धून नाकातच बोलायची आहे. यातून आलेली धून म्हणजे दादाचा शर्ट घातलेला दुसराच कोणीतरी.

परत नेऊन दिली. उर्वी म्हणाली, "हट्टी आहेस रे."

"आहे."

"मी तालीम पुढे ढकलू शकत नाही, एवढं लक्षात ठेव."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज युद्ध. घरातलं एकेक बंद करत गेलो. ट्यूबलाईट: घूं तशीच. पंखा: जरा कमी, म्हणजे रेग्युलेटरही साला सामील आहे. वायफाय, टीव्ही, फ्रिज. घूं. शेवटी मेन स्विचच खाली पाडला. घरात अंधार, लॅपटॉप बॅटरीवर, आई मोरीत.

घूं.

म्हणजे चोर घरातला नाहीच! गॅलरीत जाऊन बघितलं. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांच्या केबली आमच्या दाराच्या भिंतीला चिकटून वर जातात, मनगटाएवढा जुडगा. इतकी वर्षं त्याला टेकून आम्ही गप्पा मारल्या. आता सगळ्या चाळीची वीज थोडीच बंद करता येते? तरी कालिंदीकाकूंना विचारलं, जरा तुमचा मेन बंद करता का.

"माझ्या मालिकेच्या वेळेला? त्या तुझ्या टिंगटिंगसाठी?"

"दादाची धून आहे, काकू."

काकू वळल्या. गेल्या आणि खटका पाडला. आणि तिकडूनच ओरडून विचारलं, "झाली का रे लवूची धून?" घूं होती तशीच होती, पण त्यांना कसं सांगू. म्हटलं, हो काकू, बराच फरक पडला.

या सगळ्या भानगडीत फ्रिज चालू करायचा राहिला. आई चिडली की मालवणीवर येते. "मेल्या, दूध नासला! त्या पेटीपायी घराचो सत्यानाश करतलंस!"

१४ सप्टेंबर, रविवार

आज नीट लिहितो, कारण आज घडलंय.

सकाळी खिडकीशी बसून केबलीच्या नावाने बोटं मोडत होतो. डावीकडच्या भिंतीशी आई स्टुलावर चढली होती, दादाचा फोटो पुसायला. मंगळवारच्या तिथीची तयारी. म्हणाली, "हितू, स्टूल हलतंय, जरा धर." मी गिटार गळ्यातच ठेवून, हेडफोन कानात, तिच्याकडे वळलो.

घूं गेली.

कमी नाही झाली. गेली! कानात इतकी शांतता की मला वाटलं वायर निसटली. तार छेडली. वाजली. म्हटलं, आई, हलू नकोस! तिचा हात फोटोच्या खिळ्यावर होता. मला वाटलं, खिळ्यातून आईच्या अंगातून काहीतरी अर्थिंग होतंय. "तसाच हात धर." बिचारी एका हाताने फडकं, एका हाताने खिळा धरून उभी. "रेकॉर्ड होईपर्यंत अशीच राहू काय?" म्हटलं, तीन मिनिटं फक्त. "माझे गुडघे तीन मिनिटं राहूचे नाय," म्हणून ती उतरली आणि सरळ मोरीत गेली.

तरीही शांत. म्हणजे आईचा काही संबंध नाही. मग मी खिडकीकडे वळलो: घूं. फोटोकडे वळलो: शांत. पुन्हा खिडकी. पुन्हा फोटो. मग डोक्यात लख्ख पडलं. कोन! एका कॉइलचं पिकअप म्हणजे जुन्या टीव्हीचा अँटेना, कुठे तोंड करतो त्यावर सगळं. केबलीशी ठरावीक कोनात धरलं की घूं शिरतच नाही. आठवडाभर मी सॉफ्टवेअरच्या चित्रातली बटणं फिरवत बसलो, आणि फिरायचं होतं मला. हसावं की कपाळ बडवावं!

आई हात पुसत आली. "दक्षिणेक तोंड करून कोण बसता रे? ते पितरांना पाणी देताना बसतात. एरवी नाही बसायचं."

म्हटलं, बाई गं, मला घूंपासून सुटका हवी, दिशा गेली खड्ड्यात.

आणि मग वाजवायला घेतलं, तर बोटं चालेनात.

इथे कोण वाचणार आहे, लिहून टाकतो. दक्षिणेच्या भिंतीवर दादाचा फोटो आहे. मामेबहिणीच्या हळदीतला, सरळ कॅमेऱ्यात बघून हसतोय, दात दिसतायत. दोन वर्षं झाली, मी त्याच्याकडे नीट बघितलेलं नाही. येता-जाता दिसेल तेवढाच. नीट बघितलं की तो नाही हे पुन्हा पहिल्यापासून कळतं. समोर बसून वाजवायला लागलो की तिसऱ्याच ओळीला चुकतो. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा चुकलो तेव्हा उठलो आणि फोटोवर माझा टॉवेल टाकला.

आईने बघितलं. मला वाटलं मालवणी सुरू होणार. पण ती पुढे आली, टॉवेल काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुला बघवत नाही, मला कळतं. पण झाकू नकोस त्याला."

आज पुढे वाजवलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुकानात आज सिलिंडर नंबरचा एक चष्मा बसवत होतो. माझं कामच ते, काचा घासून फ्रेममध्ये बसवणं. सिलिंडरची काच नुसती बसवून चालत नाही, तिचा अ‍ॅक्सिस जुळवावा लागतो, म्हणजे ती किती कोनात फिरवायची ते. दोन अंश चुकलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत. पण तीच काच पूर्ण उलटी फिरवली, वरची बाजू खाली आणि खालची वर, तर नंबर तोच राहतो! शून्य आणि एकशेऐंशी एकच. हे मी वर्षानुवर्षं हाताने करतोय, आणि डोक्यात आज शिरलं.

म्हणजे दक्षिणेकडे शांत, तर उत्तरेकडेही शांत असणार. पूर्ण पाठ फिरवली तरी कोन तोच!

उड्या मारत घरी आलो. उत्तरेच्या कपाटाकडे तोंड करून बसलो. हेडफोन लावला. शांत. अगदी तशीच शांतता. समोर कपाटाचं हिरवं दार, पाठीमागे फोटो. वा रे सिलिंडर! उर्वीला मेसेज टाकला, उद्या दुपारी फाईल नक्की.

आई उद्यासाठी डाळ निवडत होती. म्हणाली, "उद्या वाटीत पाणी नि तीळ काढून ठेवते. आधी दादाला पाणी दे, मग तुझं ते वाजव."

"आधी फाईल, मग पाणी. फाईल गेली नाही तर धूनच गेली, आई. मग पाणी काय देऊ त्याला?"

जरा जोरात बोललो. ती डाळ निवडत राहिली. वाईट वाटतंय, पण माझंही खरं आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आंघोळ करून बसलो. पंखा बंद, कारण रेग्युलेटर. उकाडा म्हणजे काय विचारू नका, शर्ट काढून टाकला. खुर्चीचा पत्रा मांडीला चिकटत होता, म्हणून आईने पाणी द्यायला मांडून ठेवला होता तो पाट घेतला. शेगडीवर वडे, खीर, भोपळ्याची भाजी असा सगळा घमघमाट. वास काही वायरमधून जात नाही.

कपाटाकडे तोंड करून पहिल्या झटक्यात वाजवली. एक चूक नाही. दुसऱ्यांदा वाजवली. चूक नाही. घूं नाही. शेवटचा सूर स्वच्छ विझला. काम झालं होतं. पाठवायची फक्त.

ऐकली. बरोबर होती. नुसती बरोबर. कपाटाला वाजवून दाखवल्यासारखी.

मी पाटावरच बसून राहिलो. म्हटलं, हित्या, कोणाला ऐकवतोयस? उर्वीला पुरेल ही. थिएटरातल्या लोकांना पुरेल. त्यांनी दादाला कुठे ऐकलंय? पण मी ऐकलंय ना. ज्याची आहे त्याच्याकडे पाठ करून कसली वाजवतोयस? मला रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदम. उठलो, पाट फिरवला आणि फोटोकडे तोंड करून बसलो.

बघितलं त्याच्याकडे. नीट. दात दाखवतोय मेला.

वाजवली. तिसऱ्या ओळीला बोट अडखळलं, अगदी किंचित, थांबलो नाही. दादासुद्धा तिथे अडखळायचा, हे मला वाजवतानाच आठवलं. पुढे माझी बोटं त्याच्याच सवयीने चालली, मी नुसता बघत होतो त्याच्याकडे. शेवटचा सूर आला. तार सोडली. डाव्या हाताने सूर धरला आणि उजव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं. माझं नाही, त्याचंच ते बोट. आई शेगडीशी होती. तिने गॅस बंद केला, तळण अर्धं टाकून. झारा हातात धरून ती तशीच उभी राहिली. सूर बारीक झाला, आणखी बारीक, आणि विझला. खाली काही नव्हतं. घूं नाही, काही नाही. आम्ही दोघांनी तो पूर्ण ऐकला.

मग मी ढसाढसा रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. आई जवळ आली नाही, आणि बरं केलं.

तोंड धुतलं, फाईल पाठवली. हीच, अडखळलेली. उर्वीचा लगेच फोन. "तिसऱ्या ओळीत काहीतरी झालंय."

"असू दे ते."

तिने ती ओळ पुन्हा लावून ऐकली. मग म्हणाली, "हो. असू दे. घेतली मी ही. हितेंद्र, शेवटचा सूर मी उभी राहून ऐकला." आणि फोन ठेवला.

मी मोकळा झालो. पुन्हा पाटावर येऊन बसलो आणि म्हटलं, "आण आई ती वाटी. देतो दादाला पाणी. काय काय म्हणायचं ते सांग."

वाटी रिकामी होती. खिडकीतल्या तुळशीची माती ओली होती.

"अगं, हे काय? मी द्यायचं ना?"

आई चिडलेली नव्हती, तरी मालवणीत म्हणाली, "झाला ता."

"मी कुठे काय केलं? मी तर वाजवत होतो."

तिने माझ्याकडे बघितलं, उघडा, घामाने भिजलेला, दक्षिणेकडे तोंड करून पाटावर बसलेला. मग फोटोकडे बघितलं. डोळे पुसले आणि पान वाढायला घेतलं.

"जेवूक बस," म्हणाली. "पण आधी पाट फिरव."